ब्राझीलला रेल्वे देणारा माउआ आणि त्याची बुडालेली पेढी

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. त्यानंतर वर्ष उलटून 14 दिवस झाले आणि 30 एप्रिल 1854 ला ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या समोर ग्वानाबारा उपसागराच्या काठावर, तशीच एक गाडी हलली. त्या देशाची ती पहिली रेल्वे. मार्ग आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या निम्म्याहूनही छोटा, 14.5 किलोमीटरचा. वेळ लागला 23 मिनिटं. रुळांमधलं अंतर मात्र हुबेहूब आपलंच, 5 फूट 6 इंच.

मुंबईची रेल्वे लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीनं ईस्ट इंडिया कंपनीच्या हमीवर बांधली होती. रिओची रेल्वे उभी केली एका ब्राझिलियन व्यापाऱ्यानं. लहानपणीच बाप गमावलेला, दुकानात पोऱ्या म्हणून लागलेला हा माणूस वयाच्या चाळिशीत त्या गाडीच्या डब्यातून सम्राट दुसऱ्या पेद्रूला घेऊन निघाला होता. सम्राटानं त्याच दिवशी त्याला ‘बॅरन ऑफ माउआ’ हा किताब दिला. त्याचं पाळण्यातलं नाव इरिनेउ इव्हान्जेलिस्ता दे सोझा, पण इतिहासात तो माउआ म्हणूनच उरला.

यानंतर 24 वर्षांनी, 1878 मध्ये, हाच माणूस न्यायालयात दिवाळखोर ठरला.

असं का झालं? ब्राझीलमध्ये याची दोन उत्तरं ठरलेली आहेत. एक, सम्राट आणि जमीनदारांनी त्याला पुढे येऊ दिलं नाही. दुसरं, इंग्रज भांडवलदारांनी त्याला लुटलं. दोन्हींत तथ्य आहे. पण माझ्या मते खरी गोष्ट पैशाच्या मुदतीत दडली आहे. रेल्वेत घातलेला पैसा वीस-पंचवीस वर्षांनी परत येतो, आणि पेढीत ठेव ठेवलेला माणूस उद्या सकाळीही दारात उभा राहू शकतो. माउआनं आयुष्यभर हे दोन प्रकारचे पैसे एकत्र बांधून ठेवले. ते कसं घडलं, हे कळलं की बाकीचं चरित्र आपोआप उलगडतं.

दुकानातला मुलगा

जन्म 28 डिसेंबर 1813 चा, ब्राझीलच्या दक्षिण टोकाला आर्रोयो ग्रांदे या गावी. उरुग्वेची सरहद्द जवळ, गुरांचे कळप आणि गुरंचोरांचा मुलूख. वडील तो लहान असतानाच मारले गेले. नऊ वर्षांचा असताना जहाजावर कप्तान असलेल्या मामानं त्याला रिओला नेलं आणि एका मोठ्या व्यापाऱ्याच्या पेढीत चिकटवलं. त्या पेढीवर तेव्हाच्या रिओमध्ये चालायचा तो सगळा व्यापार चालायचा, गुलामांचासुद्धा. पुढे त्या मालकाचं दिवाळं वाजलं, आणि 1830 च्या सुमारास हा मुलगा रिचर्ड कॅरुथर्स या स्कॉटिश आयातदाराकडे लागला.

कॅरुथर्सनं त्याला इंग्रजी शिकवलं, इंग्रजी पद्धतीची हिशेबाची वही शिकवली, अर्थशास्त्राची पुस्तकं वाचायला दिली. 1837 मध्ये तो स्वतः ब्रिटनला परतला तेव्हा सगळी पेढी 23 वर्षांच्या इरिनेउवर सोपवून गेला. सख्ख्या मुलावर टाकावा एवढा विश्वास कारकुनावर टाकला, आणि तो सार्थ ठरला.

1840 मध्ये इरिनेउ इंग्लंड पाहून आला. लोखंडाचे कारखाने, वाफेची इंजिनं, रेल्वे हे सगळं त्यानं तिथं डोळ्यांनी पाहिलं. परतल्यावर त्याचा आयात-व्यापारातला रस कमी होत गेला. ज्या देशात खिळासुद्धा जहाजातून येतो तो देश किती दिवस कॉफीवर जगणार, असा त्याचा सवाल होता. 1846 मध्ये त्यानं रिओच्या समोर नितेरॉय इथं पोंता दा आरेयाचा लहानसा ओतकाम कारखाना विकत घेतला आणि काही वर्षांत तिथं नळ, बॉयलर, साखर कारखान्यांची यंत्रं आणि जहाजं तयार होऊ लागली. या कारखान्यात 72 जहाजं बांधल्याचं तो पुढे अभिमानानं सांगत असे. 1844 मध्ये सरकारनं आयात मालावरची जकात वाढवली होती, त्याचा या कारखान्याला चांगला आधार मिळाला.

इथं एक गोष्ट झाकून चालणार नाही. त्या कारखान्यात पगारी कामगारांबरोबर गुलामही राबत होते. माउआ गुलामगिरीच्या विरोधात बोलत असे, तो काळाच्या पुढे होता, हे खरं. तरी त्याचं लोखंड ज्या हातांनी ओतलं त्यांतले काही हात विकत घेतलेले होते.

रेल्वेसाठी पैसा आला कुठून?

रेल्वे बांधायची तर रूळ, इंजिन, इंजिनियर या सगळ्याच्या आधी लागतं भांडवल, म्हणजे खूप लोकांचा पैसा एका ठिकाणी. ब्राझीलमध्ये पैसा होता, पण तो एका भयानक धंद्यात गुंतलेला होता. आफ्रिकेतून माणसं पकडून आणायची आणि मळेवाल्यांना विकायची.

सप्टेंबर 1850 मध्ये, ब्रिटिश आरमाराच्या दबावाखाली, ब्राझीलनं या समुद्रापारच्या गुलाम-व्यापारावर कायद्यानं बंदी आणली आणि या वेळी ती खरोखर अमलात आणली. (गुलामगिरी स्वतः मात्र 13 मे 1888 पर्यंत चालूच राहिली.) त्याच वर्षी नवा व्यापारी कायदाही आला. गुलाम-व्यापारातला पैसा एकदम रिकामा झाला. हा पैसा एका ठिकाणी गोळा करून देशाच्या उत्पादक कामात लावावा, असं आपल्या मनात आलं, हे माउआनं नंतर स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यासाठी 1851 मध्ये त्यानं बँक काढली, बांको दो ब्राझील.

मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत तल्लख क्षण वाटतो. बाजारातली पडझड बघून लोक पैसा गाडग्यात पुरतात, तेव्हा यानं त्या पैशाला नवं काम शोधून दिलं.

पुढची तीन-चार वर्षं वाचताना दम लागतो. 1851 मध्ये रिओचे रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळण्याचा करार. 1852 मध्ये ॲमेझॉन नदीवर आगबोटी चालवणारी कंपनी. 29 ऑगस्ट 1852 ला रेल्वेच्या कामाची सुरुवात, त्या वेळी सम्राटानं चांदीच्या फावड्यानं पहिली माती उचलली. 25 मार्च 1854 ला रिओच्या रस्त्यांवर गॅसचे पहिले दिवे लागले, आणि पाच आठवड्यांनी रेल्वे धावली. गॅसचा कारखाना आणि रेल्वे या दोन्हींचा इंजिनियर एकच, विल्यम ब्रॅग नावाचा इंग्रज.

रेल्वेचं पहिलं इंजिन मँचेस्टरच्या फेअरबेर्न कारखान्यातलं. त्याला नाव मिळालं ‘बारोनेझा’, म्हणजे बॅरनची पत्नी, मारिया जोआकिना. हे इंजिन आजही रिओच्या एंजेन्यो दे देंत्रो भागातल्या रेल्वे संग्रहालयात आहे, आणि 30 एप्रिल हा दिवस ब्राझीलमध्ये रेल्वे कामगारांचा दिवस म्हणून पाळतात.

ही रेल्वे जात कुठे होती?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. रिओ समुद्राकाठी. मागे लगेच सेरा दो मारचा डोंगर, आपल्या सह्याद्रीसारखा भिंतीसारखा उभा. कॉफीचे मळे आणि मिनास प्रांत डोंगराच्या पलीकडे. कॉफीची पोती खेचरांच्या तांड्यांवर लादून घाटातून खाली यायची, उपसागराच्या काठावरच्या लहान बंदरात होड्यांत चढायची आणि रिओला पोचायची. पावसाळ्यात घाटवाट चिखलात रुतायची.

माउआची योजना अशी होती. रिओहून आगबोटीनं उपसागर ओलांडून माउआ बंदरात उतरायचं, तिथून रेल्वेनं डोंगराच्या पायथ्याशी जायचं, तिथून घोडागाडीनं घाट चढून पेत्रोपोलिसला. पेत्रोपोलिस म्हणजे सम्राटाचं उन्हाळ्यातलं गाव. पण खरं लक्ष्य त्याच्याही पलीकडे होतं. रूळ डोंगर चढून मिनासपर्यंत न्यायचे आणि खेचरांवरची सगळी कॉफी डब्यांत भरायची. बोट आणि गाडीची वेळ एकमेकींशी जुळवलेली, एकाच प्रवासात दोन वाहनं. ब्राझीलमध्ये अशी सोय पहिल्यांदाच होत होती.

1856 मध्ये रूळ थेट पायथ्याला भिडले आणि तिथंच थांबले. कारण सरकारनं दरम्यान दुसऱ्याच मार्गाला बळ दिलं होतं.

आता थोडं ‘व्याजाची हमी’ या प्रकाराबद्दल बोलायला हवं, कारण एकोणिसाव्या शतकातली अर्ध्या जगातली रेल्वे यावरच उभी आहे. भागधारकाला भीती असते, रेल्वेला उतारू आणि माल मिळाला नाही तर? मग सरकार म्हणतं, घाबरू नका, तुमच्या भांडवलावर वर्षाला इतके टक्के मिळतीलच; धंद्यातून कमी पडलं तर तिजोरीतून भरून देऊ. भारतात जीआयपी रेल्वेला, म्हणजे बोरीबंदर-ठाणे मार्ग बांधणाऱ्या कंपनीला, 5 टक्क्यांची हमी होती. ब्राझीलनं 1852 च्या कायद्यानं हीच पद्धत उचलली. केंद्राचे 5 टक्के, त्यावर प्रांताचे 2, असे काही मार्गांना 7 टक्के मिळाले. त्याच कायद्यात एक चांगली अटही होती, रेल्वे कंपन्यांनी गुलाम ठेवायचे नाहीत.

हमी मिळाली की लंडनमध्ये शेअर खपतात. न मिळाली तर मालकालाच आपली पत गहाण टाकून पैसा उभा करावा लागतो. माउआच्या पहिल्या रेल्वेला अशी व्याजाची हमी नव्हती. सरकारी पाठबळाची ‘दोम पेद्रू दुसरा रेल्वे’ मात्र 1858 मध्ये रिओ शहरातूनच सुरू झाली, दोन किलोमीटरहून लांब बोगदा खणून डोंगरापार गेली आणि 1867 मध्ये पाराइबा नदीच्या खोऱ्यात एंत्रे रिओस या ठिकाणी पोचली. मिनासची कॉफी आता मध्ये बोटीत न चढता सरळ रिओच्या गोदामात येऊ लागली. माउआच्या रेल्वेला मालाचे डबे भरणं कठीण झालं. त्याच्या मार्गाला जोडून घाटातले रूळ पेत्रोपोलिसपर्यंत गेले ते 1883 मध्ये, दातेरी चाकाच्या पद्धतीनं आणि दुसऱ्याच कंपनीच्या हातून.

पहिला असण्याची ही किंमत असते. रेल्वे चालते हे लोकांना दाखवून द्यायचा खर्च पहिला करतो आणि चांगला मार्ग दुसरा नेतो.

सान्तोसचा घाट

माउआनं हात घातलेल्या रेल्वेंमधली खरी सोन्याची खाण सान्तोस-जुंदियाई मार्ग. सान्तोस हे साओ पाउलो प्रांताचं बंदर. तिथून घाट चढून साओ पाउलो शहर, आणि पुढे जुंदियाई. एकूण 139 किलोमीटर. 1856 मध्ये माउआ आणि त्याच्या दोन प्रतिष्ठित भागीदारांना या मार्गाचा मक्ता मिळाला, 90 वर्षांचा आणि 7 टक्के व्याजाच्या हमीसह. भांडवलासाठी 1860 मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली.

अडचण घाटाची होती. समुद्राच्या पातळीपासून सुमारे 800 मीटर उंची फार थोड्या अंतरात गाठायची. आपल्या बोरघाटात 1863 मध्ये गाडी चढली ती वळणं घेत, खंडाळ्याजवळ इंजिन उलट्या टोकाला लावून. सान्तोसला डॅनियल फॉक्स या तरुण इंजिनियरनं वेगळा मार्ग काढला. चढ चार टप्प्यांत विभागला, प्रत्येक टप्पा साधारण 2 किलोमीटरचा आणि दर 10 मीटरला जवळपास 1 मीटर चढणारा. एवढ्या चढावर साधं इंजिन घसरतं. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या माथ्यावर वाफेचं मोठं यंत्र कायमचं बसवलं, आणि ते लोखंडी दोरानं डबे वर ओढायचं. दोराच्या दुसऱ्या टोकाला खाली उतरणारे डबे असायचे, त्यांच्या वजनाची वर चढणाऱ्यांना मदत व्हायची. खाली येणारी कॉफी वर जाणाऱ्या मालाला ओढून नेते, ही कल्पना मला आजही देखणी वाटते. 16 फेब्रुवारी 1867 ला मार्ग खुला झाला. साओ पाउलोचा पुढचा सगळा भरभराटीचा इतिहास या दोरावरून वर चढला.

आणि याच मार्गात माउआचं कंबरडं मोडलं. सरकारी हमी 20 लाख पौंड भांडवलापुरतीच होती. त्यापलीकडचा खर्च कोणी सोसायचा? डोंगर ढासळत होता, पाऊस कोसळत होता, ठेकेदाराकडे पैसे संपत आले होते. काम बंद पडू नये म्हणून माउआनं आपल्या बँकेतून ठेकेदाराला उचल द्यायला सुरुवात केली आणि ती देतच राहिला. मार्ग पूर्ण झाल्यावर लंडनच्या कंपनीनं ही रक्कम आपली देणी मानायला नकार दिला. माउआ ब्राझीलच्या न्यायालयात गेला. वर्षानुवर्षं खटला चालला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनी लंडनची आहे, दाद लंडनला मागा. तोवर तिथली मुदत टळून गेली होती.

ती रेल्वे पुढे दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत नफ्यातल्या मार्गांमध्ये गणली गेली.

ट्राम, हातातून निसटलेली

रिओ शहर तेव्हा समुद्राकाठानं दक्षिणेकडे पसरत होतं. 1856 मध्ये शहरातून वनस्पती उद्यानापर्यंत रुळांवरच्या गाडीचा मक्ता दुसऱ्या एका बड्या गृहस्थाला मिळाला होता. काम झालं नाही, आणि 1860 नंतर तो मक्ता माउआनं घेतला. मक्ता म्हणजे काय, तर अमुक रस्त्यावर अमुक वर्षं रूळ टाकून भाडं घ्यायचा एकट्याचा हक्क. तो कागदावरच असतो, पण तो विकता येतो, गहाण ठेवता येतो, आणि म्हणून त्याला बाजारभाव असतो.

रिओमध्ये ट्रामचा पहिला प्रयोग 1859 मध्येच झाला होता, तिजुकाच्या दिशेनं, थॉमस कॉक्रेन नावाच्या डॉक्टरच्या हातून. जनावरांऐवजी वाफेचं इंजिन लावून पाहिलं, तरीही तो मार्ग काही वर्षांत बुडाला. त्यामुळे ट्राममध्ये पैसे घालायला लोक कचरत होते. त्यात 10 सप्टेंबर 1864 ला रिओतली सोउतोची प्रसिद्ध पेढी बंद पडली आणि बाजारात हाहाकार उडाला. पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. माउआची बँक तरली, पण नव्या कामाला पैसा उरला नाही. त्यानं ट्रामचा मक्ता चार्ल्स ग्रीनो या अमेरिकनाला विकला.

9 ऑक्टोबर 1868 ला ग्रीनोच्या कंपनीची खेचरांनी ओढलेली ट्राम रुआ गोंसाल्व्हिस दियासपासून लार्गो दो माशादोपर्यंत धावली आणि पहिल्या दिवसापासून गर्दीनं भरून वाहिली. याच कंपनीनं 1892 मध्ये ब्राझीलमधली पहिली विजेची ट्रामही चालवली. मुंबईतही जवळपास असंच झालं. घोड्यांच्या ट्रामसाठी 1865 मध्ये एक अमेरिकन कंपनी पुढे आली होती, पण कापसाच्या तेजीचा फुगा फुटला आणि योजना बारगळली. ट्राम प्रत्यक्षात सुरू झाली 9 मे 1874 ला. शहराला गरज असते, रस्ता ठरलेला असतो, तरी बाजारातला पैसा आटला की चाक फिरत नाही.

बँक आणि तिचा घोटाळ्यात टाकणारा आकार

1851 मध्ये काढलेली बँक त्याच्या हातात फार दिवस राहिली नाही. नोटा छापायचा अधिकार एकाच मोठ्या बँकेकडे असावा, असं सरकारनं ठरवलं आणि 1853 मध्ये त्याची बँक दुसरीत विलीन करून टाकली. नव्या बँकेवर सरकारचा वरचष्मा होता. माउआ बाहेर पडला आणि 1854 मध्ये त्यानं स्वतःची ‘माउआ, मॅकग्रेगर आणि कंपनी’ काढली.

या बँकेचा साचा त्यानं फार विचारपूर्वक निवडला होता. पुष्कळ लोकांनी भाग घ्यायचे, ते भाग बाजारात विकता यायचे, भागधारकाचं नुकसान त्याच्या भागापुरतंच मर्यादित. आणि बँक चालवणारा भागीदार मात्र आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार. सरकारनं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हुकूम काढला की अशा भागीदारीत भांडवलाचे विकता येणारे भाग करता येणार नाहीत. एका फटक्यात बँकेची भांडवल वाढवायची वाट बंद झाली. माउआची वैयक्तिक जबाबदारी तेवढी शिल्लक राहिली.

1860 मध्ये आणखी एक कायदा आला, ज्याला लोक ‘अडथळ्यांचा कायदा’ म्हणू लागले. कोणतीही भागभांडवल कंपनी काढायची तर सरकारची परवानगी हवी. त्याच वर्षी जकातही उतरवली गेली, आणि 1857 च्या आगीतून सावरू पाहणारा पोंता दा आरेयाचा कारखाना परदेशी यंत्रांपुढे टिकेनासा झाला.

आता मूळ मुद्दा. शेअर विकून भांडवल मिळत नाही, तर मोठी कामं कशावर चालवायची? ठेवींवर. आणि इथं धोका आहे. भिशीत जमलेल्या पैशांतून कोणी घर बांधायला काढलं, तर घर चांगलं आणि भक्कम असूनही ज्याची पाळी आली त्याला देण्यापुरती रोकड हातात नसते. माउआच्या बँकेचं नेमकं हेच होत गेलं. तिचा पैसा रेल्वेच्या उचलीत, कारखान्यात, सरकारांना दिलेल्या कर्जात अडकलेला होता, आणि देणं होतं मागणीबरोबर परत करायच्या ठेवींचं.

1860 च्या दशकात त्याच्या सगळ्या संस्थांच्या मालमत्तेची बेरीज ब्राझील साम्राज्याच्या वार्षिक अंदाजपत्रकापेक्षा मोठी होती, असं सांगून त्याला जगातल्या श्रीमंतांच्या यादीत बसवतात. या आकड्यानं भुलू नये. बँकेच्या मालमत्तेत लोकांच्या ठेवींतून दिलेली कर्जंही धरली जातात. तो आकडा त्याच्या खिशातल्या पैशाचा नव्हता. त्याच्यावर किती जणांचा विश्वास होता, एवढंच त्यातून कळतं.

उरुग्वेचा गळफास

सरहद्दीवर जन्मलेल्या माउआला उरुग्वे परका नव्हता. 1850 मध्ये वेढ्यात सापडलेल्या मोंतेविदेओच्या, म्हणजे उरुग्वेच्या राजधानीतल्या, सरकारला ब्राझील उघडपणे पैसा देऊ शकत नव्हतं, तेव्हा परराष्ट्रमंत्र्यांच्या सांगण्यावरून तो पैसा माउआनं आपल्या नावानं पुरवला. 1857 मध्ये तिथं त्यानं बँक काढली आणि तिच्या नोटा उरुग्वेत चालू लागल्या. दुसऱ्या देशाच्या सरकारचा सावकार होणं म्हणजे त्या देशाच्या प्रत्येक यादवीचा भागीदार होणं. 1864 मध्ये ब्राझीलचं सैन्य उरुग्वेत शिरलं, तिथून पेराग्वेविरुद्धचं युद्ध पेटलं आणि 1870 पर्यंत चाललं. माउआनं युद्धाला उघड विरोध केला. त्याबद्दल रिओमध्ये त्याच्या देशभक्तीवर शंका घेतल्या गेल्या, आणि मोंतेविदेओमध्ये नवी सरकारं जुन्या सरकारचं देणं मानायला तयार नव्हती.

त्याच्या बाकीच्या कंपन्याही एकेक करून हातातून जात होत्या. रिओची गॅस कंपनी 1865 मध्ये इंग्रजांना विकली. ॲमेझॉनच्या आगबोटीही पुढे इंग्रजांकडे गेल्या. युरोपला जोडणाऱ्या समुद्राखालच्या तारेचा मक्ता त्यानं 1872 मध्ये मिळवला आणि काहीही मोबदला न घेता इंग्रज कंपनीला देऊन टाकला, तार लवकर यावी म्हणून. 1874 मध्ये ब्राझील तारेनं युरोपशी जोडला गेला आणि सम्राटानं त्याला व्हायकाउंट केलं, म्हणजे बॅरनच्या वरचा किताब दिला. धंदेवाईक माणसानं असा मक्ता फुकट द्यावा का? हिशेबाच्या दृष्टीनं तो वेडेपणाच. पण माणसाचं मन कशात होतं ते यावरून कळतं.

मे 1875

त्या महिन्यात रिओच्या बाजारात पुन्हा रोकड आटली. काही बँका बंद पडल्या आणि ठेवीदार माउआच्या दारात आले. त्याचा पैसा होता, पण तो सान्तोसच्या घाटात आणि उरुग्वेच्या खजिन्यात होता. त्यानं बांको दो ब्राझीलकडे, म्हणजे एके काळी त्यानंच काढलेल्या बँकेच्या वारसाकडे, आपले शेअर तारण ठेवून 3,000 कोन्तोंचं कर्ज मागितलं. कोन्तो म्हणजे दहा लाख रेइस, आणि रेइस हे तिथलं तेव्हाचं चलन. बँकेनं नकार दिला. 17 मे ला त्याच्या बँकेनं पैसे देणं थांबवलं.

इथं दोन शब्द वेगळे ओळखायला हवेत. देणं मालमत्तेपेक्षा जास्त झालं तर ते दिवाळं. मालमत्ता देण्यापेक्षा जास्त आहे, पण आज हातात रोकड नाही, ही रोकडटंचाई. दुसऱ्या अवस्थेत थोडा वेळ आणि थोडं कर्ज मिळालं की माणूस वाचू शकतो. माउआचं म्हणणं होतं की आपण दुसऱ्या अवस्थेत आहोत, आणि पुढच्या घटनांनी त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं ठरवलं. कायद्यानं त्याला तीन वर्षांची मुदत मिळाली. पण घाईनं विकायला काढलेल्या मालमत्तेला भाव कुठला? तीन वर्षांत सगळं फिटलं नाही, आणि 1878 मध्ये तो दिवाळखोर जाहीर झाला. व्यापार करायचा हक्क गेला.

त्यानं त्याच वर्षी आपल्या धनकोंसाठी सविस्तर निवेदन छापलं. प्रत्येक कंपनी का काढली, किती पैसा घातला, कुठे चुकलं, कुठे फसवलं गेलं, सगळं त्यात मांडलं. त्यात तक्रारीचा सूर आहे. तरी दिवाळं निघालेला माणूस वहीच लोकांसमोर उघडी ठेवतो, हे मला मोठं वाटतं. त्या निवेदनामुळेच आज आपल्याला त्याच्या धंद्यांची आतली बाजू कळते.

मग त्यानं विकायला सुरुवात केली. कंपन्यांमधले उरलेले भाग, जमिनी, घरातलं सामानसुमान. मधुमेहानं शरीर पोखरलं होतं. 1884 मध्ये धनकोंची देणी फिटली आणि न्यायालयानं त्याला पुन्हा व्यापारी म्हणून मान्यता दिली. तेव्हा तो सत्तरीत होता. त्यानं परत लहान प्रमाणात दलालीचा व्यवसाय सुरू केला.

21 ऑक्टोबर 1889 रोजी पेत्रोपोलिसमध्ये तो वारला. त्यानंतर चार आठवड्यांच्या आतच, 15 नोव्हेंबरला, ब्राझीलमधलं साम्राज्य संपलं आणि प्रजासत्ताक आलं.

सान्तोस-जुंदियाई रेल्वेचा 90 वर्षांचा मक्ता 1946 मध्ये संपला आणि ती ब्राझील सरकारच्या ताब्यात आली. पेत्रोपोलिसचा घाटातला मार्ग 1964 मध्ये बंद झाला. माउआ बंदराजवळचं ग्विया दे पाकोबाइबा हे देशातलं पहिलं स्थानक 1954 मध्येच राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षित झालं होतं, त्यामुळे ते अजून उभं आहे.